कोरडा कापूस

एप्रनच्या उजव्या खिशात तिसऱ्यांदा कापूस सापडला आणि सुईताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पहिल्या वेळी तिने स्वतःच्या विसरभोळेपणाला दोष दिला होता, दुसऱ्या वेळी वॉशिंग मशीनला. आता दोष द्यायला माणूसच उरलं होतं, आणि ते माणूस तपासणी केंद्राच्या याच चार खोल्यांत वावरत असणार होतं.

कापूस होता वाटाण्याएवढा. पेन काढायला तिने खिशात बोटं घातली, त्यांना काहीतरी कोरडं, मऊ, किंचित चिकटून येणारं लागलं आणि हात विंचू चावल्यासारखा बाहेर आला. दंडाला रबरी पट्टा बांधून समोर बसलेले आजोबा म्हणाले, "काय झालं ताई? रक्त माझं काढायचंय आणि घाम तुम्हाला फुटलाय."

"काही नाही आजोबा. मूठ वळा."

एका प्रयत्नात तिने शीर धरली, नळी भरली, पट्टा सोडला. इथपर्यंत तिचा हात कधी चुकत नसे; अकरा वर्षांत कमावलेलं नाव होतं ते. लहान मुलंसुद्धा तिच्यासमोर रडायला विसरत, म्हणून तर त्या रक्त-लघवी तपासणीच्या केंद्रात सगळे तिला सुईताई म्हणत. पण सुई बाहेर काढली की तिथे कापसाचा बोळा दाबून धरावा लागतो, आणि गेले वर्षभर नेमकं तेच तिला जमत नव्हतं. तिने आजोबांच्या हातावर कागदी रुमालाची घडी ठेवली. "तुम्हीच धरा दाबून. चोळू नका."

सुईला घाबरणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. रक्ताला घाबरणारी, नुसत्या एप्रनला घाबरणारीही. कापसाला घाबरणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला जे होतंय त्याला भीती म्हणायचं, हेच तिला बरेच दिवस पटलं नाही.

सुरुवात झाली होती दाढेपासून. मागच्या वर्षी तिची एक दाढ काढली. दातांच्या डॉक्टरांनी खड्ड्यावर कापूस ठेवला आणि सांगितलं, तासभर घट्ट चावून धरा, तोंड उघडू नका. केंद्रात त्या दिवशी माणसं कमी, म्हणून ती तशीच कामावर आली आणि बोलायचं सगळं खुणांवर भागवत राहिली. एका धिप्पाड माणसाचं रक्त काढून ती नळीवर नाव लिहायला वळली, तोच तो खुर्चीतून पुढे कलंडला. ओरडायला हवं होतं. तोंड उघडण्याऐवजी तिने दात आणखी आवळले, आणि दाढांच्या मध्ये कापसाचा कोरडा भाग करकरला. तो आवाज कानांनी ऐकू येत नाही, हाडांतून येतो. माणूस पडला, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, चार टाके पडले. आठवड्याने तो हसत हसत आपला अहवाल न्यायला आला आणि त्याच्यापुरता विषय संपला.

सुईताईच्या डोक्यात मात्र एक गाठ बसली होती. डोकं असल्या गाठी मालकाला विचारून मारत नाही. आपण ओरडू शकलो नाही याची लाज ती हळूहळू विसरली. आवाज राहिला.

आणि तो आवाज केंद्रात रोज होत असे. दुपारी तीन वाजता, गर्दी ओसरली की मावशी बोळे वळायला बसत. झाडलोट, भांडी उकळणं, चहा आणि सामानाच्या कपाटाची किल्ली हे सगळं सांभाळणाऱ्या साठीच्या बाई. निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी मांडीवर घ्यायची, चिमूटभर ओढून तोडायची, तळहातावर फिरवायची आणि स्टीलच्या डब्यात टाकायची. बाजारात तयार बोळे मिळत, पण मावशींच्या मते ते सगळे फुसके. प्रत्येक चिमटीगणिक, तोडताना, करकर.

दाढेनंतरच्या आठवड्यात सुईताई पहिल्यांदा त्या खोलीतून उठून बाहेर गेली. बाहेर गेल्यावर बरं वाटलं. तिथेच सगळं बिघडलं. कारण बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी ती तीनला पाच कमी असतानाच उठली. मग बोळा उचलायला दोन जोड हातमोजे आले, त्यानंतर चिमटा. मग बोळा आधी स्पिरिटने चिंब भिजवणं, कारण ओला कापूस करकरत नाही. शेवटी कागदी रुमाल. प्रत्येक युक्तीने आठ-दहा दिवस सुटका होई, आणि मग भीती एक पाऊल पुढे येऊन बसलेली असे. आधी हात लावताना व्हायचं ते बघताना होऊ लागलं. नंतर बंद कपाटाकडे बघतानाही, कारण आत कापूस आहे हे माहीत होतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे तिने त्याच्या खात्यावर कायमचं मांडून ठेवलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. हलक्या हाताचा, मायाळू माणूस. एका रविवारी त्याने दुलया आणि गाद्या बहिणीकडे पोचवल्या, फोमच्या उशा आणल्या, कान साफ करायच्या काड्या फेकल्या, गोळ्यांच्या बाटलीच्या तोंडाशी असतो तो कापूससुद्धा दुकानातच काढून यायला लागला.

"आता घरात कापूस औषधालाही नाही," तो म्हणाला. "झालीस निर्धास्त?"

झाली. चार दिवस. पाचव्या दिवशी ती सोफ्याच्या उसवलेल्या शिवणीत बॅटरी मारून बघत होती.

केंद्रात तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? रक्त काढणारी बाई कापसाला घाबरते म्हणजे आचारी मिठाला घाबरतो! नोकरी तर जाईलच, वर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळेल. म्हणून तिच्या टेबलामागच्या फळीवर नव्या गुंडाळ्या येऊन पडल्या, तेव्हा तिने त्या चिमट्याने काळ्या पिशवीत टाकल्या आणि मागच्या कचऱ्याच्या पेटीत नेऊन सोडल्या. पुढच्या खेपेला मावशी खुंटीवर अडकवत ती किल्ली घेऊन तिने कपाटातल्याच टाकल्या. पहिल्यांदा दोनदा मागे वळून पाहिलं. नंतर पाहिलं नाही.

मावशींच्या नजरेतून मात्र सहसा काही सुटत नसे.

"सुईताई, हल्ली तीन वाजले की तुला बरोब्बर बाहेर काम निघतं गं," एकदा त्या म्हणाल्या.

"घरून फोन असतो, मावशी."

"रोज? नवरा नवीन केलास की काय?"

नोंदणीच्या खिडकीतला माणूस फिस्सकन हसला. त्याला सगळे पोपट म्हणत, कारण दिवसभर तो 'नाव, वय, उपाशीपोटी आहात का' एवढंच बोले. मावशी हसल्या नाहीत. हातातला कापूस तोडत, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मी काही बोळ्यानं दूध पीत नाही, पोरी."

मला खुळी समजू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. कुणीही म्हणतं, दिवसातून दहादा. पण म्हणणाऱ्या बाईच्या हातात त्या क्षणी खराखुरा बोळा होता, आणि त्याच आठवड्यात सुईताईच्या खिशात पहिला कापूस निघाला. दोन आणि दोन चार झाले. मावशींना कळलंय. मावशी मजा बघतायत.

मग तिने मावशींवर पाळत ठेवली. मावशी एप्रनच्या खुंट्यांजवळून किती वेळा जातात. जाताना हात कुठे असतो. आपण खोलीत शिरल्यावर त्या बोलायच्या का थांबतात. एकदा मावशींनी तिचा खाली पडलेला एप्रन उचलून झटकून परत टांगला, आणि सुईताईने तो दिवसभर घातलाच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. गुंडाळ्या स्वतः पळवत होती आणि प्रत्येक हालचालीत दुसऱ्याची चोरी दिसत होती.

खिशात तिसरा कापूस निघाला त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं. केंद्र त्यांचं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, आणि म्हणूनच सगळे त्यांना दबकून असत.

"कापसाच्या गुंडाळ्या कुठे जातायत?" त्यांनी विचारलं. "मागवते आणि संपतात. किल्ली कोणाकडे असते?"

"मावशींकडे."

हे खरं होतं.

"त्यांच्याबद्दल मला असं काही वाटलं नव्हतं कधी. तुला काही दिसलंय?"

'नाही मॅडम' म्हणायला दोन शब्द लागले असते. सुईताईच्या बोटांना अजून तो वाटाण्याएवढा कोरडेपणा जाणवत होता. ती म्हणाली, "चोरताना नाही पाहिलं. पण कापसाचं काहीतरी चाललंय त्यांचं. माझ्या खिशात कापूस ठेवतात त्या. तीनदा ठेवला."

"खिशात? कशासाठी?"

"ते त्यांनाच विचारा मॅडम."

मावशींना विचारलं गेलं. दार बंद होतं, आवाज आले नाहीत. दहा मिनिटांनी मावशी बाहेर आल्या, चपला घातल्या आणि सुईताईच्या टेबलाशी थांबल्या.

"छडा लागेपर्यंत घरी बस म्हणाल्या," त्या म्हणाल्या. "खिशात कापूस ठेवते म्हणे मी. तुझ्या. कशाला गं ठेवीन? तुझ्या खिशात काय वाती वळायच्यात मला?"

सुईताईला वाटलं, किती बेमालूम नाटक करते ही बाई.

त्यानंतरचे तीन दिवस सोन्यासारखे गेले. तीन वाजता कुणी बोळे वळलं नाही. डॉक्टरबाईंनी तात्पुरती तयार बोळ्यांची पाकिटं आणली आणि ती पोपटाच्या खोलीत ठेवली. सुईताईच्या मनाला इतकी स्वस्थता बरेच महिने लाभली नव्हती. आपलं म्हणणं खरं होतं, असं तिला वाटू लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी पेनसाठी खिशात हात घातला, आणि कापूस होता.

ती स्टुलावर बसली. डोकं मात्र चालत होतं. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी एक गोष्ट घोकून घेतली होती: ज्याला कारण समजता ते काढून टाका, आणि परिणाम तसाच राहिला तर ते कारण नव्हे. मावशी नव्हत्या. कापूस होता.

मग एप्रनला हात कोण लावतं? केंद्रात आल्यावर ती तो अंगात घालते आणि निघताना पिशवीत भरते. घरी तो धुतला जातो, वाळतो, आणि रोज सकाळी, ती आंघोळीला गेलेली असताना, त्याला इस्त्री होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न्हाणीघराचा नळ चालू ठेवला आणि दार बोटभर उघडं. नवऱ्याने एप्रनची कॉलर दाबली, बाह्या दाबल्या, इस्त्री उभी केली. शर्टाच्या खिशातून चष्म्याची एक जुनी डबी काढली. तीतून चिमूटभर कापूस घेऊन दोन बोटांत गोल केला आणि एप्रनच्या उजव्या खिशात सोडला. वरून हलकेच थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं.

"काय करतोयस तू?"

इस्त्री आडवी पडली. "अगं... नळ चालू आहे तुझा."

"नळ राहू दे. काय करतोयस?"

तो खाली बसला. बराच वेळ डबी उघडत-मिटत राहिला. "मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. तू येत नव्हतीस, म्हणून मी गेलो. त्या म्हणाल्या, आपण घरातून सगळं काढून टाकलं ना, त्यानेच वाढलं. म्हणाल्या, थोडी थोडी सवय करायची असते."

"थोडी थोडी सवय. आणि?"

"आणि काय?"

"एवढंच म्हणाल्या? बायकोच्या खिशात लपवून ठेवा म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तिला घेऊन या. तिला विचारून, तिच्या संमतीने," तो खालमानेने म्हणाला.

"मग?"

"तू नाहीच म्हणाली असतीस. मी म्हटलं, वाटाण्याएवढा तर आहे, अधूनमधून ठेवू. हळूहळू मोठा करू. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं, लागू पडतंय."

तिला हसू येईल की रडू, हे तिचं तिलाच कळेना. दोन्ही आलं नाही. "माझ्यामुळे मावशी घरी बसल्यात," ती म्हणाली. "मी नाव घेतलं त्यांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आणि चोर इथे दोन बसलेत."

"दोन?"

तेव्हा तिने त्याला गुंडाळ्यांचं सांगितलं. तोवर तेही कुणाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी बसने केंद्रात जाताना तिने सांगण्याच्या चार-पाच तऱ्हा जुळवून पाहिल्या. एकीत फक्त नवऱ्याची चूक सांगायची होती. खिशाचा उलगडा झाला असता आणि तीही सुटली असती. गुंडाळ्यांचं नावच काढायचं नाही. पण गुंडाळ्यांचा उलगडा होईपर्यंत किल्ली मावशींच्याच गळ्यात राहणार होती. उतरायचा थांबा आला तेव्हा एकच तऱ्हा उरली होती, आणि तीत तिची स्वतःची नोकरी जाऊ शकत होती.

डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे वर्षभर तू बोळ्याऐवजी पेशंटच्या हातावर कागदी रुमाल ठेवतेयस."

"हो मॅडम."

"निर्जंतुक नसलेला."

"हो."

"आणि मी मावशींना घरी बसवलं ते तुझ्या शब्दावर."

"हो मॅडम."

"भीती वाटते म्हणून मी कुणाला काढत नाही. मला स्वतःला लिफ्टमध्ये घाम फुटतो." त्या थांबल्या. "खोटं बोलल्याचं मात्र मी लक्षात ठेवणार आहे. आजपासून सुई बंद. सूक्ष्मदर्शकावर बस. त्या मनाच्या डॉक्टरांकडे जा, आणि त्या लिहून देतील तेव्हाच परत खुर्चीशी उभी राहा. मावशींना मी फोन करते."

"मॅडम, फोन नका करू. मी जाते."

मावशींचं घर दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं तशी मावशींनी कडी हातातच ठेवली.

"आता काय हरवलं?"

सुईताईने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. दाढ, तो पडलेला माणूस, गुंडाळ्या, चष्म्याची डबी. मावशींची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही. यातलं किती खरं, ते त्या चाचपून बघत होत्या.

"कापसाला?" शेवटी त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या सुया टोचतेस, आणि कापसाला?"

"हो."

"मला वाटत होतं, तुझं बाहेर काहीतरी लफडं आहे. तीन वाजता जायचीस ती." त्यांनी सुस्कारा सोडला. "हे सगळं वर सांगून आलीस, का आधी माझ्याकडे?"

"आधी तिकडे सांगितलं."

"मग बरं." कडी अजून हातातच होती. "माफ केलं म्हणायला माझं तोंड उघडत नाही गं. पोपटानं माझी पिशवी चाचपली जाताना, माहितेय? एवढ्या वर्षांत कुणी चाचपली नव्हती. कामावर येईन. काम माझं आहे." आणि दार लावून घेतलं.

मावशी आल्या. सुईताईशी कामापुरतं बोलत, 'ताई' न लावता. संध्याकाळी निघताना त्या पिशवी खिडकीसमोर उलटी करून डबा, छत्री, रुमाल मांडत आणि परत भरत. पोपट म्हणे, "मावशी, लाजवू नका हो." मावशी म्हणत, "बघून घेतलेलं बरं."

मनाच्या डॉक्टरांनी सुईताईला पहिला महिना फक्त कापसाचं चित्र बघायला लावलं, मग बाटलीतला बंद कापूस. पळून आलात की भीतीला खाऊ मिळतो, त्या म्हणाल्या. आणि कुणी न सांगता कापूस अंगावर आणला की तिला तो खाऊ दुप्पट मिळतो. पुढचा अभ्यास आवाजाचा होता. खोलीच्या एका टोकाला तिने बसायचं आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी कोरडा कापूस तोडायचा, पण ती सांगेल तेव्हाच. नवऱ्याने विचारलं, "मी करू?" ती म्हणाली, "तू नको. अजून नको."

कोण, ते तिने दोन दिवस विचार करून ठरवलं, आणि मावशींना विचारलं. मावशींनी ऐकून घेतलं. तीन वाजता त्यांनी आपलं स्टूल उचलून भिंतीशी नेलं, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि गुंडाळी मांडीवर घेतली. सुईताई दाराशी खुर्चीत बसली. दार उघडं होतं; डॉक्टरांनी तेवढी सूट दिली होती.

मावशींनी कापसाचं टोक चिमटीत धरलं आणि मान वर केली. "तोडू?"

सुईताईच्या दाढेच्या रिकाम्या जागी काहीतरी ताणलं गेलं. "थांबा," ती म्हणाली. ठरवलं होतं त्यापेक्षा आवाज बराच मोठा निघाला. बाहेर पोपटसुद्धा गप्प झाला.

मावशींची बोटं जिथल्या तिथे थांबली. त्या वाट बघत राहिल्या, चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. कापूस त्यांच्या चिमटीत होता आणि काही होत नव्हतं. एक मिनिट गेलं असेल, कदाचित दोन.

"तोडू का, ताई?"

"तोडा," सुईताई म्हणाली, आणि खुर्चीतून उठली नाही.